चेहऱ्यासाठी सौम्य घरगुती उटणे: नाजूक त्वचेला नेमके काय मानवते?

अबोली (फोंडा)

सर्वांना नमस्कार.

माझी त्वचा मिश्र प्रकारची आहे. नाक आणि कपाळ तेलकट असते, तर गाल आणि हनुवटीच्या कडा कोरड्या पडतात. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा हे फारसे जाणवत नाही. परंतु डिसेंबर लागला आणि सकाळी पूर्वेकडचे कोरडे वारे सुटले, की गालांवर बारीक पापुद्रे येतात, आणि त्यावर सनस्क्रीन लावले तर ते पापुद्र्यांच्या कडेला साचून चेहऱ्यावर पांढरट ठिपके दिसू लागतात. मी शाळेत शिकवते आणि रोजचे जाणे-येणे स्कूटरवरून असल्यामुळे ऊन आणि धूळ या दोहोंपासून सुटका नाही.

अक्रोडाच्या कवचाची पूड घातलेले एक तयार स्क्रब गेल्या हिवाळ्यात वापरून पाहिले. लावताना चेहरा गुळगुळीत झाल्यासारखा वाटला, पण संध्याकाळपर्यंत गालांची आग होऊ लागली आणि पुढचे काही दिवस साधे पाणी लागले तरी झोंबत होते. त्यानंतर मी ते बंद केले आणि घरच्याच एखाद्या पदार्थाने हे काम सौम्यपणे करता येईल का, याचा शोध सुरू केला. सासूबाईंच्या मते दिवाळीचे उटणेच वर्षभर लावावे. शाळेतल्या एक बाई साखर, लिंबू आणि मध यांचे मिश्रण सुचवतात, तर आणखी कोणी पिकलेली पपई आणि कोणी खाण्याचा सोडा. प्रत्येकीला आपल्या उपायाची खात्री आहे, पण तो का चालतो हे मात्र कोणी सांगत नाही.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की नाजूक त्वचेला यांतले काय चालेल, ते किती बारीक असावे, कितीदा लावावे आणि आपल्या गोव्याच्या हवेत कोणत्या गोष्टी टाळाव्यात. कृपया उत्तराबरोबर कारणही लिहावे, ही विनंती.

कुळागर (सावईवेरे)

अबोलीताई, नमस्कार. आमच्या घरी उटणे दरवर्षी घरीच होते. कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद हे सारे वाळवून, कुटून, चाळून ठेवण्याची पद्धत माझ्या आजेसासूबाईंपासून चालत आली आहे, त्यामुळे तुमच्या सासूबाईंचे म्हणणे मला परके वाटत नाही. मात्र एक भेद लक्षात घ्यायला हवा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण आधी अंगाला खोबरेल तेल चोळतो आणि मग उटणे लावतो, म्हणजे ते उटणे तेलावर फिरते, थेट कोरड्या कातडीवर नव्हे. शिवाय ते हातापायांच्या आणि पाठीच्या जाड त्वचेसाठी असते. नागरमोथा आणि वाळा ही मुळे तंतुमय असतात, कितीही कुटली तरी त्यांचे बारीक काटे शिल्लक राहतात. बाजारातल्या पाकिटांत बहुधा वरून सुगंधही घातलेला असतो. म्हणून चेहऱ्यासाठी मी वेगळे पीठ करते, आणि त्यात यांतले काहीही घालत नाही.

माझे प्रमाण साधे आहे. दोन वाट्या साधे ओट्स (मसाल्याचे नव्हेत), एक वाटी मसूर डाळ आणि एक वाटी सुरय (न उकडलेले) तांदूळ. उकडे तांदूळ मी मुद्दाम टाळते, कारण उकडून वाळवल्यावर दाणा टणक होतो आणि दळल्यानंतरही त्याची कणी खरखरीत राहते. डाळ आणि तांदूळ धुऊन, निथळून, सुती कपड्यावर सावलीत पूर्ण वाळवावेत, नंतर मिक्सरवर थोडे थोडे करून दळावेत आणि आधी पिठाच्या चाळणीने, मग जुन्या मऊ धोतराच्या किंवा मलमलच्या कापडातून गाळावेत. पीठ वस्त्रगाळ झाले की नाही हे ओळखण्यासाठी माझ्या सासूबाई चिमूटभर पीठ पुढच्या दातांमध्ये धरून पाहत; कचकच लागली तर ते पुन्हा मिक्सरमध्ये जाई. दातांना जे कण जाणवतात ते बोटांना जाणवत नाहीत, पण गालाला नक्की जाणवतात, म्हणून ही परीक्षा मी अजून सोडलेली नाही. कापडावर जो चाळ उरतो तो मी हातापायांसाठी वेगळ्या बरणीत ठेवते.

लावण्याची रीतही पिठाइतकीच महत्त्वाची आहे, किंबहुना माझ्या मते अधिक. एक चमचा पीठ ताज्या, आंबट न झालेल्या दह्यात किंवा नुसत्या पाण्यात कालवून पाच मिनिटे तसेच ठेवावे. ओट्स आणि तांदूळ पाणी शोषून फुगतात, मऊ पडतात, आणि मिश्रण खीर दाटल्यासारखे बुळबुळीत होते. तेवढे झाल्याशिवाय चेहऱ्याला लावू नये. चेहरा आधी ओला असावा. अनामिकेने, जोर न लावता, नाक आणि कपाळावर अर्धा मिनिट आणि गालांवर जेमतेम दोन-चार वळसे द्यावेत आणि लगेच कोमट पाण्याने धुवावे. पुष्कळ जणी लेप वाळेपर्यंत थांबतात आणि मग तो चोळून काढतात. वाळलेले पीठ त्वचेतला ओलावा ओढून घेते आणि निघताना कातडी ओढली जाते, त्यामुळे तुमच्यासारख्या कोरड्या गालांना ते मुळीच करू नये. चेहरा टिपून, किंचित ओला असतानाच आपले नेहमीचे मॉइश्चरायझर लावावे. आठवड्यातून एकदा एवढे पुरे होते.

हळदीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कोणी ना कोणी सुचवेलच. आमची हळद कुळागरातली (घरच्या सुपारी-नारळाच्या बागेतली) असते, तरी चेहऱ्याच्या पिठात मी ती घालत नाही, कारण पिवळेपणा उरतो आणि तो काढण्यासाठी पुन्हा चोळावे लागते. घालायचीच असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न हलवता तशीच ठेवावी. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते, परंतु पाणी गडद पिवळेच राहिले तर त्या हळदीत रंग मिसळलेला आहे असे समजून ती चेहऱ्यालाच नव्हे, तर आमटीलाही वापरू नये.

तिमोटी (मडगाव)

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो आहे आणि काही वर्षे औषधांच्या दुकानात काम केले आहे; त्वचारोगतज्ज्ञ मात्र नाही, हे आधीच स्पष्ट करतो. अबोलीताईंनी कारणे मागितली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्याची जाडी चेहऱ्यावर साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. आपल्या चहातल्या साखरेचा दाणा अर्ध्या मिलिमीटरचा, काही वेळा त्याहून मोठा असतो. म्हणजे ज्या थराला हलकेच पुसायचे, त्याच्या कितीतरी पट जाडीचा टोकदार स्फटिक आपण त्यावर घासतो. साखर पाण्यात विरघळते हे खरे, पण ती विरघळण्याआधीच आपण घासून मोकळे झालेलो असतो. अक्रोडाच्या आणि जर्दाळूच्या कवचाची पूड तर विरघळतही नाही, आणि तिचे कण दळताना फुटलेल्या काचेसारखे अनियमित कडांचे होतात. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून चेहरा धुण्याच्या उत्पादनांतल्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्म मण्यांवर बंदी आणली, ती पाण्यात जाणाऱ्या प्लॅस्टिकमुळे. समुद्राकाठी राहणाऱ्या आपल्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. परंतु मण्यांच्या जागी जे काही ‘नैसर्गिक’ म्हणून येते ते त्वचेला मणी परवडले असे म्हणायला लावणारे असू शकते, कारण मणी निदान गोल होते.

आता तुमच्या पापुद्र्यांविषयी. मृत पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात आणि ते टाके उसवण्याचे काम त्वचेतलीच काही विकरे (एन्झाइम) करतात. तरुण वयात नवी पेशी तळापासून वर येऊन गळून पडेपर्यंत सुमारे चार आठवडे जातात, आणि वय वाढते तसा हा काळ लांबतो. या विकरांना काम करण्यासाठी पाणी लागते. हवा कोरडी झाली आणि वरच्या थरातला ओलावा घटला की टाके पूर्ण उसवत नाहीत, पेशी एकेक गळण्याऐवजी झुबक्यांनी अर्धवट सुटतात, आणि तेच तुमचे डिसेंबरातले पापुद्रे. म्हणजे गालांवर जे घडते आहे ते मुख्यतः कोरडेपणामुळे. तिथे घासण्यापेक्षा ओलावा टिकवणे हाच उपाय आहे, कारण ओलावा परतला की त्वचा आपली गळती आपणच सुरळीत करते. ग्लिसरीन किंवा युरिया असलेले बिनसुगंधी मॉइश्चरायझर रात्री नेमाने लावून पाहा, आणि उटणे नाक-कपाळापुरते ठेवा. अनेकांचे निम्मे पापुद्रे एवढ्यानेच जातात.

कुळागरताईंच्या पिठातले ओट्स मला विशेष पटले. ओटच्या बारीक पिठाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्वचेचे रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली आहे. त्यातले बीटा-ग्लुकान पाणी धरून ठेवते आणि अव्हेनॅन्थ्रामाइड नावाची संयुगे खाज व दाह कमी करतात. मसूर आणि हरभरा यांसारख्या डाळींत थोडे सॅपोनिन असते, ते पाण्यात साबणासारखे वागून तेल उचलते. म्हणूनच आपल्याकडे साबण येण्याच्या फार आधीपासून डाळीच्या पिठाने अंग धुतले जात असे. दह्यात लॅक्टिक आम्ल असते, परंतु ते साधारण एका टक्क्याच्या आसपास. औषधी दुकानातल्या लॅक्टिक आम्लाच्या मलमांत ते पाच ते दहा टक्के असते, तेव्हा दह्याकडून तेवढ्या परिणामाची अपेक्षा ठेवू नये. नाजूक त्वचेच्या दृष्टीने हा त्याचा गुणच म्हणायचा.

आम्लता हा यातला कळीचा मुद्दा आहे. निरोगी त्वचेचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता अधिक) साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि दह्याचा त्याच्या जवळपास, म्हणून दही सहसा मानवते. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा आठच्या वर असतो. एकाने त्वचा भाजल्यासारखी होते आणि दुसऱ्याने तिच्यातला आम्लाचा संरक्षक पडदा मोडतो, त्यामुळे दोन्ही चेहऱ्यापासून दूर ठेवावीत. लिंबाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. लिंबाच्या, विशेषतः सालीच्या रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात; ती त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडले तर एक-दोन दिवसांत लाली किंवा फोड येतात आणि मागे काळपट तपकिरी डाग राहतात, जे जायला महिने लागू शकतात. लिंबू-साखर लावून, घाईत धुऊन, दुपारी स्कूटरवरून फोंड्याच्या उन्हात जाणाऱ्या व्यक्तीने हा प्रयोग करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. संत्र्याच्या सालीच्या पुडीलाही माझा हाच आक्षेप आहे.

कोणताही नवा पदार्थ कोपराच्या आतल्या बाजूला लावून किमान दोन दिवस वाट पाहावी. झोंबणे लगेच कळते, परंतु ॲलर्जीची प्रतिक्रिया उमटायला ४८ तास किंवा त्याहून अधिक लागू शकतात, त्यामुळे ‘रात्री लावले, सकाळी काही झाले नाही’ एवढ्यावर निर्णय करू नये.

तिरफळ (पेडणे)

मी परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. वरच्या दोघांनीही विचारपूर्वक लिहिले आहे, तरी माझे मत थोडे वेगळे असल्याने ते नोंदवते.

चेहरा घासायला हवाच, हे गृहीत धरूनच सगळी चर्चा चालली आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला घर्षण फार लवकर डाग देते. पाठीवर, मानेवर, गालफडांच्या हाडावर जो करडा-काळपट पट्टा काही बायकांना दिसतो आणि जो त्या ‘मळ’ समजून आणखी जोराने घासतात, तो पुष्कळदा घासण्यामुळेच आलेला असतो. नायलॉनची जाळी, घोसाळ्याचा वाळलेला चोथा, खरखरीत पंचा यांनी रोज घासत राहिले तर रंगद्रव्य वाढते आणि खालच्या थरातही उतरते. जितके घासावे तितके काळे पडावे आणि जितके काळे दिसावे तितके पुन्हा घासावे, हे चक्र मी अनेक घरांत पाहिले आहे. नारळाचे सोडण (वरचे तंतुमय साल) आणि वज्री टाचेसाठी आहेत, तिथे त्यांचा उपयोग जरूर करावा.

उन्हाने रापलेला रंग उटण्याने उतरतो हीसुद्धा पक्की समजूत आहे. रापणे म्हणजे त्वचेच्या आतल्या पेशींत वाढलेले रंगद्रव्य. ते त्या पेशी वर येऊन गळतील तेव्हाच, आठवड्यांच्या हिशेबाने जाणार. त्याला वरून पुसता येत नाही. रोज एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन पुरेसे लावणे (तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर दोन पूर्ण रेषा निघतील इतके चेहऱ्याला आणि मानेला लागते) आणि स्कूटरवर चेहऱ्यावर सुती ओढणी घेणे, याने जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही पिठाने पडत नाही.

माझा स्वतःचा परिपाठ म्हणाल तर सकाळच्या पेजेची वरची निवळ कोमट असताना चेहऱ्याला लावायची, थोड्या वेळाने मऊ, भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने चेहरा टिपत टिपत पुसायचा. यात एकही दाणा नाही. सुटायला तयार असलेला पापुद्रा फडक्याबरोबर निघून येतो आणि जो तयार नाही तो राहतो, तो तसाच राहिला पाहिजे. अबोलीने गालांसाठी हे करून पाहावे, आणि कुळागरताईंचे पीठ नाकापुरते ठेवावे, असे मी सुचवीन.

आणखी एक सांगायचे आहे. पापुद्रे नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांत आणि कपाळावर केसांच्या रेषेपाशी असतील, थोडे पिवळसर आणि चिकट असतील आणि डोक्यात कोंडाही असेल, तर तो साधा कोरडेपणा नसतो. त्वचेवर राहणाऱ्या एका यीस्टमुळे तो त्रास वाढतो आणि त्याला खोबरेल तेल किंवा स्क्रब लावले तर बहुधा बळच मिळते. आपल्याकडे दमट हवेत घामोळ्यासारखे एकसारखे बारीक पुरळ कपाळावर उठते, किंवा पाठीवर शिबे येते, त्यामागेही हेच कुटुंब असते. अशा वेळी घरगुती प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) त्वचारोग विभाग आहेच.

अबोली (फोंडा)

तिघांचेही मनापासून आभार. तिरफळताईंनी सांगितलेली जागा मी आरशात नीट पाहिली. माझे पापुद्रे गालांवर आणि हनुवटीच्या कडेलाच आहेत, भुवयांत नाहीत आणि कोंडाही नाही, त्यामुळे तिमोटीभाईंनी सांगितलेला कोरडेपणा हेच कारण असावे असे दिसते. रात्रीचे मॉइश्चरायझर आणि पेजेची निवळ यांपासून सुरुवात करते आणि पीठ नाकापुरते ठेवते.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली पपईची, कारण परसात झाड आहे आणि फळे भरपूर लागतात. दुसरी शंका माझ्यासाठी नाही. माझी वहिनी काही महिन्यांपासून चेहरा उजळण्यासाठी दुकानातून, कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेले एक मलम लावते. सुरुवातीला तिचा चेहरा खरोखर नितळ दिसू लागला, परंतु आता उन्हात गेली की गाल लालबुंद होतात, बारीक रक्तवाहिन्या दिसतात, आणि मलम बंद केले की पुटकुळ्या उठतात. ती म्हणते की स्क्रब केले तर मलम आत मुरेल. तिला काय सांगू?

तिमोटी (मडगाव)

आधी वहिनींविषयी, कारण ते अधिक तातडीचे आहे. त्यांना कोणतेही उटणे, पीठ, दही, काहीही चोळू नये असे सांगा. वर्णन वाचून त्या मलमात स्टिरॉइड असावे अशी दाट शंका येते. तीन औषधांचे मिश्रण असलेली, म्हणजे एक स्टिरॉइड, एक रंग फिका करणारे द्रव्य आणि एक जीवनसत्त्व-अ वर्गातले औषध असलेली मलमे आपल्याकडे गोरेपणासाठी सर्रास वापरली जातात. महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि चेहऱ्याला त्या मलमाची सवय लागते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला, तरीही ती हातोहात मिळतात, हे या व्यवसायात काम केलेल्या माणसाला म्हणून मला फार लागते. ते एकदम बंद केल्यावर पुटकुळ्या आणि लाली उसळते, म्हणून लोक पुन्हा तेच लावतात. ट्यूब फेकून न देता ती सोबत घेऊन त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. नावावरून घटक कळतात आणि ते कसे सोडवायचे हे डॉक्टर ठरवतात. मुरुमांसाठी ॲडापॅलिनसारखे औषध डॉक्टरांनी दिलेले असणाऱ्यांनीही स्क्रब करू नये, कारण ते औषध वरचा थर आधीच सैल करत असते.

पपईविषयी. पपईतले पपेन हे प्रथिने तोडणारे विकर आहे, मांस मऊ करण्यासाठी कच्ची पपई लावतात ती त्याचमुळे. कच्च्या फळाच्या चिकात ते भरपूर असते आणि फळ पिकत जाते तसे कमी होत जाते. म्हणून कच्ची पपई किंवा तिचा चीक चेहऱ्याला कधीही लावू नये. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर काही मिनिटे ठेवून धुतला तर बहुतेकांना चालतो. ज्यांना रबरी हातमोज्यांची किंवा फुग्यांची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र पपई टाळावी, त्या दोहोंच्या चिकांत साम्य असते.

याच ओघात मार्च-एप्रिलमध्ये विचारला जाणारा प्रश्न आधीच निकालात काढतो. आंब्याच्या सालीने चेहरा घासण्याचा उपाय दर उन्हाळ्यात फिरतो. आंबा आणि काजू एकाच कुळातले. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात भाजतात हे गोव्यात कोणाला सांगायला नको, आणि त्याच जातीची, प्रमाणाने सौम्य द्रव्ये आंब्याच्या सालीत आणि देठाच्या चिकात असतात. ज्यांना काजू सोलताना किंवा आंबे उतरवताना कधी पुरळ उठले असेल त्यांनी साल चेहऱ्याजवळही नेऊ नये.

म्हादई (वाळपई)

चर्चा वाचून एक विचारावेसे वाटले. माझी मुलगी आठवीत आहे, नाकावर काळे ठिपके आणि कपाळावर दोन-चार पुटकुळ्या आल्या आहेत, आणि मैत्रिणींचे पाहून तीही स्क्रबचा हट्ट धरते. कुळागरताईंचे पीठ घरगुतीच आहे, तर ते तिला द्यावे का? शिवाय ते पावसाळ्यात टिकते का?

तिरफळ (पेडणे)

मुलीला देऊ नये. या वयात त्वचेची गळती मुळातच जलद असते, तिला बाहेरून मदत लागत नाही. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे; छिद्रातले तेल आणि मृत पेशी हवेशी संबंध येऊन काळ्या पडतात, आणि त्यांचे मूळ आत असते, त्यामुळे वरून घासून ते निघत नाहीत. पुटकुळ्यांवर घासले तर त्या फुटतात, जंतू पसरतो आणि डाग राहतात. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश आणि पाणी, एवढे पुरे आहे. सांगूनही तिचे समाधान होत नसेल तर तिला सोबत घेऊन एकदा डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांचा शब्द त्या वयात आईच्या शब्दापेक्षा लवकर पटतो.

कुळागर (सावईवेरे)

म्हादईताई, मुलीच्या बाबतीत मी तिरफळताईंशी पूर्ण सहमत आहे.

पीठ टिकवण्याबद्दल सांगते. पावसाळ्याच्या पुरुमेंताची (साठवणीच्या जिनसांची) तयारी करताना जशी डाळ-तांदूळ वाळवून ठेवतो तशीच काळजी याला लागते, कारण जूनपासून हवेतच इतके पाणी असते की डाळीचे पीठ आठवड्याभरात गोळे धरते, आणि त्यात टोके होतात किंवा बुरशीचा कुबट वास येऊ लागतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी मोठा डबा भरून ठेवत नाही. लहान काचेच्या बरणीत दोन-तीन वेळांपुरतेच पीठ ठेवते आणि बरणी फ्रिजमध्ये असते. चमचा पूर्ण कोरडा हवा. वास बदलला किंवा गोळे दिसले तर चाळून पुन्हा वापरू नये, सरळ माडाच्या आळ्यात टाकावे. दही किंवा पाणी घालून कालवलेले मिश्रण उरले तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, कारण ओल्या पिठात जंतू वाढायला एक रात्र पुष्कळ होते. एका वेळेला एक लहान चमचाच कालवला तर उरण्याचा प्रश्नच येत नाही.

अबोलीताई, तुम्ही गालांना निवळ लावणार असाल तर ती पेज बिनमिठाची असताना काढून ठेवा. आमच्याकडे शिजतानाच मीठ पडते, म्हणून मी वाटीभर निवळ आधी बाजूला घेते.